मिल्स अँड बून: सुखान्ताची हमी देणाऱ्या कादंबऱ्यांचे परीक्षण

मिल्स अँड बूनची कादंबरी हातात घेणाऱ्या वाचकाला तिचा शेवट पहिले पान उलटण्याआधीच ठाऊक असतो. मध्ये कितीही वादळे येवोत, शेवटच्या पानावर नायक-नायिकेत दुरावा उरणार नाही, ही या प्रकाशनाची अलिखित हमी आहे आणि ती अनेक दशके इमानाने पाळली गेली आहे. साहित्यविषयक लेखनात अशा पुस्तकांच्या वाट्याला सहसा एखादे तिरकस वाक्य येते आणि विषय संपतो. येथे मात्र त्यांच्याकडे एक उत्पादन म्हणून पाहायचे आहे. दमल्याभागल्या डोक्याला दोन-तीन तास दुसऱ्या जगात नेऊन पुन्हा सुखरूप परत आणण्याचे जे काम त्यांनी पत्करले आहे, ते त्या कितपत चोख करतात, आणि त्यांच्या निरनिराळ्या मालिकांपैकी कोणती कोणाला रुचेल, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

शेवट ठाऊक असेल तर वाचायचे कशाला, असा प्रश्न ही पुस्तके न वाचणारी मंडळी हमखास विचारतात. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने प्रेमकथांच्या नित्य वाचक असलेल्या स्त्रियांच्या एका गटाशी सविस्तर बोलून १९८४ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचे बरेचसे उत्तर सापडते. त्या स्त्रियांपैकी काहीजणी पुस्तक घेण्याआधी शेवटची पाने चाळून तो सुखाचा आहे ना, याची खात्री करून घेत असत. आणि दिवसभर इतरांची उस्तवार करणाऱ्या बाईने पुस्तक उघडले की तेवढा वेळ तिचा स्वतःचा, ही भावना त्यांना कथेइतकीच मोलाची वाटत असे. अमेरिकेतील रोमान्स लेखकांच्या संघटनेनेही या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा असावी आणि तिचा शेवट समाधान देणारा, आशादायी असावा. रहस्यकथेच्या वाचकालाही खुनी सापडणार हे ठाऊकच असते, तरी त्याला कोणी असा जाब विचारत नाही. शेवटाची काळजी मिटली की वाचक निर्धास्तपणे मधल्या प्रवासाकडे लक्ष देऊ शकतो, आणि या कादंबऱ्यांचे सगळे कसब त्या मधल्या प्रवासातच असते.

जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी १९०८ साली लंडनमध्ये ही संस्था काढली तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तके छापणारी प्रकाशनसंस्था होती. प्रेमकथांवर तिने सगळा भर दिला तो १९३० च्या दशकात, जेव्हा अल्प शुल्क घेऊन पुस्तके घरी देणाऱ्या वाचनालयांचा इंग्लंडमध्ये सुळसुळाट झाला होता आणि तपकिरी बांधणीची ही पुस्तके त्यांतून हातोहात जात होती. वाचक पुस्तक मागताना लेखिकेच्या नावाआधी प्रकाशनाचे नाव घेऊ लागले, ही गोष्ट प्रकाशनव्यवसायात दुर्मीळ म्हणावी अशी आहे, आणि आजही या पुस्तकांचे परीक्षण एकेकट्या लेखिकेचे न करता संपूर्ण मालिकेचे करता येते ते त्यामुळेच. कॅनडातील हार्लेक्विन या संस्थेने १९५७ पासून ही पुस्तके उत्तर अमेरिकेत काढण्यास सुरुवात केली, १९७१ मध्ये ती मिल्स अँड बूनची मालक झाली, आणि २०१४ मध्ये हार्लेक्विनच हार्परकॉलिन्सच्या ताब्यात गेली. दर महिन्याला नव्या पुस्तकांचा गठ्ठा बाजारात येतो आणि जुना मागे घेतला जातो, त्यामुळे न खपलेल्या प्रतींचा प्रचंड लगदा होतो. इंग्लंडमधील एम-सिक्स टोल हा २००३ साली सुरू झालेला महामार्ग बांधताना अशा सुमारे २५ लाख प्रतींचा लगदा डांबराच्या मिश्रणात वापरला गेला होता. टीकाकारांना हा किस्सा सांगायला फार आवडतो. मला मात्र त्यात या पुस्तकांची निंदा दिसत नाही. एवढ्या प्रती उरतात म्हणजे मुळात छापल्या किती जात असतील, हेच आधी मनात येते.

आता मालिकांविषयी. सर्वांत प्रसिद्ध मालिका म्हणजे ‘मॉडर्न’, जी उत्तर अमेरिकेत १९७३ पासून ‘हार्लेक्विन प्रेझेंट्स’ या नावाने निघते. साधारण ५० हजार शब्दांची ही कादंबरी सवयीचा वाचक एका बैठकीत संपवतो. नायक गर्भश्रीमंत, हुकमत गाजवणारा, बहुतेक वेळा भूमध्य समुद्राकाठचा. नायिका बुद्धिमान पण परिस्थितीने अडलेली. आणि घटनास्थळे खासगी बेटे, उंची हॉटेले, जुने राजवाडे अशी. येथे सगळेच ताणलेले असते आणि ते तसे असणेच अपेक्षित असते. शीर्षकातच अब्जाधीश, सूड, सोयीचे लग्न आणि गुपित राखलेले मूल यांपैकी दोन-तीन गोष्टी कोंबलेल्या असतात, त्यामुळे मलपृष्ठ वाचण्याचे कष्टही वाचतात. वास्तवापासून संपूर्ण सुट्टी हवी असेल तर या मालिकेला तोड नाही. पण नायकाचा ताठा ज्यांना सहन होत नाही, त्यांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे.

माझी स्वतःची पसंती रुग्णालयातील प्रेमकथांना, म्हणजे ‘मेडिकल’ मालिकेला आहे. हार्लेक्विनने सुरुवातीला मिल्स अँड बूनकडून जी पुस्तके घेतली ती डॉक्टर-परिचारिकांचीच होती, इतकी या प्रकाराची परंपरा जुनी आहे. या कथांमध्ये नायक-नायिकेला करायला काम असते, आणि हा फायदा वरवर वाटतो त्याहून फार मोठा आहे. ‘मॉडर्न’मधली जोडी एकमेकांविषयी विचार करण्यापलीकडे दिवसभर काय करते, असा प्रश्न पडतो, येथे मात्र रात्रपाळी असते, अपघात विभागात अचानक आलेली गर्दी असते, आणि समोरचा माणूस दडपणाखाली कसा वागतो हे दोघांनाही पाहता येते. त्याने घाबरलेल्या मुलाशी बोलण्यासाठी गुडघ्यावर बसणे आणि तिने ते औषधांची नोंद करता करता कोपऱ्यातून पाहणे, एवढ्या एका प्रसंगाने जे साधते ते तीन पानांच्या वर्णनाने साधत नाही. वैद्यकीय तपशीलही बहुधा नेटके असतात.

ऐतिहासिक मालिका आकाराने मोठी, साधारण ७० ते ७५ हजार शब्दांची असते आणि तिचा मुक्काम बहुतकरून इंग्लंडच्या रीजन्सी काळात, म्हणजे १८११ ते १८२० च्या आसपास असतो. तिथे दोघांना एकांतात बोलायचीही चोरी असल्यामुळे हातमोजा काढण्यासारखी क्षुल्लक कृती कथेत प्रसंग होऊन बसते. संयत, सावकाश फुलणारी कथा आवडणाऱ्यांसाठी ही उत्तम निवड आहे. घरगुती, सौम्य कथांच्या आणि गुन्ह्याच्या तपासात गुंफलेल्या कथांच्या मालिकाही आहेत. पहिल्या प्रकारात गोडवा अंमळ जास्त होतो आणि दुसऱ्या प्रकारात प्रेम आणि पाठलाग यांपैकी एकावर नेहमी अन्याय होतो, एवढे सांगून पुढे जातो.

कथासूत्रे मोजकीच असतात, म्हणूनच चांगली लेखिका आणि सामान्य लेखिका यांतला फरक येथे लख्ख दिसतो. उदाहरण म्हणून नेहमीचाच प्रसंग घेऊ: हिमवादळामुळे एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांना एकाच घरात रात्र काढावी लागते. सामान्य लेखिका वीज घालवते, मोठा आवाज करते, नायिकेला दचकवते आणि सरळ नायकाच्या मिठीत नेऊन टाकते. कसबी लेखिका त्या दोघांना उरलेल्या एकुलत्या पांघरुणावरून भांडायला लावते. दोघेही ते दुसऱ्याने घ्यावे म्हणून हटून बसतात, आणि शेवटी तिला संकोच वाटू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेतो. ते सोंग आहे हे तिला कळते, कारण बाहेर फांदी मोडल्याचा आवाज झाला तेव्हा त्याचा श्वास क्षणभर थांबलेला तिने ऐकलेला असतो. ती काही बोलत नाही. पांघरुणाचा अर्धा भाग मात्र त्याच्या अंगावर सरकवते. या प्रसंगात स्पर्शही झालेला नसतो, तरी वाचकाला पुढचे पान उलटल्यावाचून राहवत नाही. असे प्रसंग पुस्तकात दोन-तीन जरी असले तरी मी त्या पुस्तकाला उत्तीर्ण समजतो.

दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठा दोष पाऊण पुस्तक संपल्यावर येतो. दोघांचे सूर जुळलेले असतात, पण अजून पन्नासएक पाने भरायची असतात, म्हणून एखादा अर्धवट ऐकलेला संवाद किंवा वेळेवर न पोचलेला निरोप मध्ये आणून त्यांना वेगळे केले जाते. एका वाक्याने मिटला असता असा गैरसमज दोन सुजाण माणसे चार-पाच प्रकरणे जपून ठेवतात, तेव्हा वाचकाचा संयम सुटतो. हा दुरावा स्वभावातून आलेला असेल, म्हणजे नायिकेला कोणावर विसंबून राहण्याचीच भीती असेल किंवा नायकाला स्वतःच्या चुकीची कबुली देता येत नसेल, तर तोच भाग पुस्तकातला सर्वोत्तम ठरतो. पण ते जमणाऱ्या लेखिका थोड्या. दुसरा दोष उपसंहाराचा. लग्न, मूल आणि समुद्रकाठचे घर असे सर्व काही चार पानांत उरकून देण्याची घाई अनेकदा इतकी असते की मिळालेल्या सुखाचा आस्वाद घ्यायला वाचकाला उसंतच मिळत नाही.

जुन्या पुस्तकांबाबत एक स्वतंत्र इशारा द्यायला हवा. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या बऱ्याच कथांमध्ये नायिका विशीच्या आतबाहेरची असते, नायक तिच्याहून खूप मोठा, बऱ्याचदा तिचा वरिष्ठ असतो, आणि तिचा नकार त्याने झुगारून देणे हे प्रेमाचे लक्षण म्हणून रंगवलेले असते. त्या काळी कथा जवळजवळ नेहमीच नायिकेच्या नजरेतून सांगितली जाई, त्यामुळे नायकाच्या मनात काय चालले आहे हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नसे आणि त्याच्या कठोरपणाचे समर्थन एका दीर्घ कबुलीजबाबात उरकले जाई. अलीकडच्या पुस्तकांत दोघांचीही बाजू आलटून पालटून येते आणि संमतीचा प्रश्न स्पष्टपणे हाताळलेला असतो. लोकप्रिय जुन्या कथा नवे मुखपृष्ठ चढवून पुन्हा काढल्या जातात, म्हणून विकत घेण्याआधी आतल्या पानावर प्रथम प्रकाशनाचे वर्ष पाहून घ्यावे. मुखपृष्ठावरून त्याचा पत्ता लागत नाही.

छापील प्रत, ई-बुक आणि ऑडिओबुक यांपैकी या प्रकारच्या वाचनाला मला ई-बुक सर्वांत सोयीचे वाटते. रात्री दिवा न लावता वाचता येते, एक संपले की दुसरे लगेच उघडता येते, आणि मुखपृष्ठावरच्या आलिंगनाकडे पाहून शेजारी बसलेल्याने भुवया उंचावण्याचा प्रश्न उरत नाही. ऑडिओबुकात बरेच काही वाचणाऱ्याच्या आवाजावर ठरते. नायिकेच्या मनातले विचार आणि तिचे प्रत्यक्ष बोलणे एकाच पट्टीत वाचले गेले तर विनोद मारला जातो, म्हणून आधी नमुना ऐकून मगच निवड करावी. छापील प्रतीची बाजू एवढीच की उजव्या हातातल्या पानांची जाडी पाहून तो ठरलेला दुरावा कधी येणार याचा अंदाज बांधता येतो आणि मनाची तयारी करता येते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘मेडिकल’ किंवा ऐतिहासिक मालिकेपासून करावी, आणि पहिल्या तीन प्रकरणांत दोघांचे संवाद ऐकावेसे वाटले नाहीत तर पुस्तक निःसंकोच बाजूला ठेवावे, कारण या कादंबऱ्यांत पुढे संवाद सुधारल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. एखादे आवडलेच तर लेखिकेचे नाव टिपून ठेवावे. मालिकेच्या नावावरून कथेचा प्रकार कळतो, पण पांघरुणाचा तो प्रसंग कोणाला लिहिता येतो हे लेखिकेच्या नावावरूनच कळते. एकाच कुटुंबातील भावंडांवर किंवा एकाच रुग्णालयावर बेतलेल्या जोडकथा बहुधा स्वतंत्रपणेही वाचता येतात. तरी त्या क्रमाने वाचाव्यात, नाहीतर दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात पहिल्या पुस्तकातले जोडपे बाळाला घेऊन हजर होते.