गेम आणि सिम्युलेशनच्या स्पर्धेसाठी ग्रीनफूट

गेम-सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेसाठी मी विद्यार्थ्यांची तयारी करून घेते. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच शिकू लागलेल्यांना मी बिनधास्त ग्रीनफूट सुचवते. जावात टूडी गेम आणि सिम्युलेशन बनवायचं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मायकेल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुळात शिकवण्यासाठीच बनवलं, आणि ते वापरताना जाणवतं.

क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून घडवलेली वस्तू, हा फरक मुलं एरवी घोकतात, इथे तो डोळ्यांसमोर असतो. खेकड्याच्या क्लासवर राइट-क्लिक करून दोन खेकडे मैदानात सोडले की क्लास एक, खेकडे दोन. त्यातल्या एकाला 'इन्स्पेक्ट' केलं की त्याची जागा (एक्स, वाय) आणि रोटेशन, म्हणजे तोंडाची दिशा, आकड्यांत दिसतात. मला सगळ्यात आवडतं ते 'ॲक्ट' बटण. ते दाबलं की सगळे एकेक पाऊल टाकून थांबतात. 'रन'वर सुसाट पळणाऱ्या गेममध्ये न दिसणारा बग असा पावलापावलाने बरोब्बर सापडतो.

सिम्युलेशन करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. ॲक्टरची, म्हणजे मैदानातल्या खेकड्यासारख्या पात्राची, जागा पूर्णांकात साठवली जाते. रोटेशन 20 अंश आणि मूव्ह(1), म्हणजे 1 ने पुढे जायची आज्ञा, दिली, तर एक्सच्या 0.94 चा 1 होतो, वायच्या 0.34 चा 0 होतो आणि प्राणी तिरका जायचा सोडून सरळ आडवाच चालत राहतो. गेममध्ये हे खपून जातं, पण ग्रहांच्या कक्षा काढायच्या असतील तर सगळं गणितच बिघडतं. त्यासाठी दशांश जागा वेगळी सांभाळणारा स्मूथमूव्हर क्लास सुरुवातीलाच घ्यावा.

टक्कर चित्राच्या चौकटीवरून ठरते, तेव्हा चित्राभोवतीची पारदर्शक जागा कापून टाका. आणि कोल्हे-सशांचं सिम्युलेशन असेल तर आधी कोण हलणार हे सेट-ॲक्ट-ऑर्डरने ठरवून द्या. कोल्हा आधी हलला की ससा पळण्याआधीच पकडला जातो आणि त्यांच्या संख्येचा आलेख वेगळाच येतो. परीक्षकाने नेमकं हेच विचारलं तर उत्तर तयार हवं.

थ्रीडी गेम करायचा असेल तर ग्रीनफूटच्या नादी लागू नका, सरळ युनिटी किंवा गोडो ही गेम बनवायची सॉफ्टवेअर शिका. टूडीमध्ये कल्पना पक्की असेल आणि हाताशी वेळ थोडा असेल, तर नवख्या टीमला मी हेच देईन.