गुजरीत हिऱ्याची अंगठी घेतली: पेढीला साडेचार, आणि बिलात काय काय बघायचं

आधी निकाल सांगते मग बाकीचं. भाच्याच्या साखरपुड्यासाठी गुजरीतल्या (म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या) एका जुन्या पेढीवरनं हिऱ्याची अंगठी घेतली, त्या पेढीला माझ्याकडनं पाचात साडेचार. अर्धा कापलाय तो बायबॅकसाठी, म्हणजे पेढी उद्या अंगठी परत घेताना काय देणार त्यासाठी, ते खाली येतंय. आणि साडेचार दिलेत ते अंगठी देखणी आहे म्हणून नाही (आहेच), काउंटरवरच्या काकांनी प्रत्येक गोष्ट नीट समजावून सांगितली आणि सांगितलेलं सगळं कागदावर लिहून दिलं म्हणून.

कसंय, सोन्यात आपण कोल्हापूरकर कुणाला हार जात नाही. कोल्हापुरी साज घ्यायला गेलं की आई, आजी, काकी सगळ्या विचारणार, पानं एकवीस आहेत का, लाख किती भरलीय, लाखेचं वजन वजा केलंय ना, घडणावळ किती लावताय, उद्या मोडला तर घट किती धरणार. सगळं तोंडपाठ. आणि हिऱ्याच्या काउंटरला तीच मंडळी बसली की समोरचा म्हणतो "ईएफ व्हीव्हीएस आहे मॅडम" (रंग आणि स्वच्छतेच्या वरच्या श्रेणी, खाली सांगते) आणि सगळे गप्प, नुसती मान डोलावतात. मला हेच खटकतं, कारण हिऱ्यातही विचारायचं तेच आहे, फक्त शब्द नवीन आहेत.

लाखेचंच घ्या, तिथे लाख वजा करतो तसे इथे हिरे वजा करायचे. बिलावर दोन वजनं पाहिजेत, ग्रॉस आणि नेट. ग्रॉस म्हणजे अख्ख्या अंगठीचं, नेट म्हणजे हिरे वजा करून उरलेलं सोनं. हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि १ कॅरेटचे १०० सेंट, त्यामुळे दुकानात कोणी "तीस सेंटचा" म्हणालं तर ०.३० कॅरेट समजायचं. (सोन्यावरचा १८ कॅरेट वेगळा, ती शुद्धता, वजनाशी त्याचा संबंध नाही.) आमच्या अंगठीत मधला हिरा ३२ सेंटचा आणि बाजूचे बारीक मिळून १८ सेंट, म्हणजे अर्धा कॅरेट, म्हणजे ०.१०० ग्रॅम. ग्रॉस ३.९४०, नेट ३.८४०, आणि सोन्याचे पैसे ३.८४० चेच लावले. शंभर मिलिग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही पण त्याचे पैसे हिऱ्याच्या खात्यात एकदा दिलेत ना, मग सोन्याच्या भावाने परत कशाला द्यायचे.

याआधी आम्ही एका मोठ्या चकचकीत शोरूमलाही गेलो होतो, नाव लिहीत नाही. तिथे "मेकिंगवर घसघशीत सूट" असा बोर्ड, आणि एस्टिमेट मागितलं तर त्यावर एकच वजन, ग्रॉस. नेट विचारलं तर "मॅडम डायमंड ज्वेलरीत असंच असतं". अजिबात नसतं असं. शिवाय अंगठीवर सात बारीक हिरे गोळा करून एक मोठा दिसेल असं बसवलेलं आणि भाव सांगताना "पंचवीस सेंट, सॉलिटेअर लुक" (सॉलिटेअर म्हणजे एकच मोठा हिरा). आता पंचवीस सेंटचा एक अखंड हिरा आणि बारीक सात मिळून पंचवीस सेंट यांची किंमत कधीच सारखी नसते, एकसंध मोठा दगड दुर्मिळ म्हणून महाग, बारीक स्वस्त. लुक आवडला तर जरूर घ्या, तो प्रकार वाईट नाही, दिसतोही भरगच्च, पण सॉलिटेअरच्या भावाने घेऊ नका. आम्ही उठलो तिथनं.

गुजरीतल्या काकांनी उलटं केलं. अंगठी दाखवायच्या आधी सुटा हिरा दाखवला, सर्टिफिकेटसकट. "वहिनी, बसवलेल्या दगडाची परीक्षा अर्धीच होते, आधी मोकळा बघा" म्हणाले, आणि खरंच आहे ते, तयार दागिन्याच्या सर्टिफिकेटवर रंग आणि क्लॅरिटी बऱ्याचदा एका टप्प्यात लिहिलेली असते कारण खालची बाजू सोन्यात झाकलेली असते. मग त्यांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग हातात दिलं. मी ते दगडाजवळ धरायला लागले तर म्हणाले भिंग डोळ्याला चिकटवा आणि हिरा त्याच्याकडे आणा, दुसरा डोळा मिटू नका. चिमट्यात हिरा आडवा धरून हळूहळू फिरवला आणि त्याची जी बारीक कड असते, ज्याला गर्डल म्हणतात, तिच्यावर लेझरने कोरलेला नंबर दिसला. भाच्याने सर्टिफिकेटवरचा नंबर एकेक आकडा वाचला, मी भिंगातनं जुळवला. हा नंबर न जुळवता सर्टिफिकेट नुसतं फाईलला लावलं तर त्या कागदाचा उपयोग काय, तो कागद याच दगडाचा आहे हे सांगणारी सगळ्यात सोपी खूण तीच.

चार सी बद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट, ही पद्धत अमेरिकेतल्या जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेने रूढ केली आणि आपल्याकडे आयजीआय या दुसऱ्या लॅबचा रिपोर्टही सर्रास चालतो. रंग डी पासून झेड, डी म्हणजे पूर्ण बिनरंगी आणि पुढे पुढे पिवळसर झाक. क्लॅरिटीत, म्हणजे दगड आतनं किती स्वच्छ यात, व्हीव्हीएस, मग व्हीएस, मग एसआय, मग आय. आमचा जी रंगाचा व्हीएस२ आहे. भाच्याचा हट्ट होता ईएफ व्हीव्हीएसच पाहिजे, कुठेतरी रील बघितलेलं. काकांनी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, सांगा कुठला कुठला. नुसत्या डोळ्यांनी कुणालाच ओळखता आलं नाही, आणि पिवळ्या सोन्यात तर तेवढी झाक दिसतच नाही. माझं मत असं की पैसे घालायचेच तर कटवर घाला. चमक सगळी तिथनं येते, पैलू बरोबर कोनात असले तर आत गेलेला उजेड वर परत येतो. दगड फार खोल कापला असेल तर वजन तळात लपतं, तुम्ही कॅरेटचे पैसे देता आणि वरनं हिरा लहान दिसतो. गोल हिरा ३० सेंटच्या आसपास असेल तर साधारण ४.३ मिमी भरतो, सर्टिफिकेटवर माप असतंच, बघून घ्या. आणि दुकानातले ते पांढरे प्रखर दिवे, त्यांच्याखाली काचसुद्धा चमकेल. आम्ही हिरा दारापाशी नेऊन उन्हाच्या उजेडात आणि मग सावलीत बघितला, काका स्वतः चिमटा धरून आले.

लॅबग्रोनचं, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याचं, विचारलंच. २०२३ मध्ये मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा लॅबमधला हिरा दिला तेव्हापासून घरोघरी चर्चा आहे. तो खोटा नसतो, कार्बनच, कठीणपणाही तोच, हातातल्या साध्या टेस्टरवर तो हिराच दाखवतो म्हणून "मशीनवर तपासून देतो" एवढ्यावर समाधान मानू नका, नैसर्गिक की लॅबचा हे रिपोर्टवर आणि बिलावर स्पष्ट लिहून घ्या. भाव कितीतरी कमी, पण परत विकायला गेलात तर हातात फारसं काही येत नाही. हौसेला मस्त आहे. अमेरिकन डायमंड मात्र हिरा नव्हेच, ते झिरकोनिया.

सोनं १८ कॅरेटचं घेतलं, हिरा धरणाऱ्या पाकळ्यांना २२ मऊ पडतं. तेव्हा दर १८ चाच लागला पाहिजे, म्हणजे २४ च्या दराच्या पाऊणपट, हे तिथल्या तिथे मोबाईलवर गुणून बघा. आतल्या बाजूला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, १८के७५० (७५० म्हणजे हजारात ७५० भाग सोनं) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा हॉलमार्क नंबर. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार, कुठल्या सेंटरला तपासलं सगळं येतं. आम्ही पैसे द्यायच्या आधी टाकला, "रिंग" आणि ७५० आलं, मगच कार्ड पुढे केलं. घडणावळ वेगळ्या ओळीत होती, हिऱ्यांचा दर वेगळ्या ओळीत, बेरजेवर ३ टक्के जीएसटी.

आता तो अर्धा मार्क. परत घेताना काय धरणार हे काका तोंडी सांगत होते, "आपली पेढी आहे, काळजी नको". माणूस चांगला आहे पण उद्या काउंटरवर दुसरं कोणी बसलेलं असेल. सोनं त्या दिवसाच्या भावाने, हिऱ्यातनं किती टक्के कापणार, एक्स्चेंजला किती आणि रोखीला किती, हे मी मागे लागले तेव्हा बिलाच्या मागे शिक्का मारून लिहून मिळालं. न मागता मिळायला पाहिजे होतं. बारीक हिऱ्यांना परताव्यात जवळपास काही धरत नाहीत हेही तेव्हाच कळलं, आधी कळलं असतं तर बाजूचे १८ सेंट कदाचित आम्ही कमी केले असते.

डिलिव्हरी सांगितल्यापेक्षा उशिरा झाली पण फोन करून कळवलं होतं. बोटाचं माप एकदा बदलून देणं आणि पाकळ्या घट्ट करून देणं फुकट आहे, तेही लिहून घेतलंय. जाणार असाल तर मंगळवार-शुक्रवार टाळा, अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत काकांना समजावून सांगायला वेळ नसतो. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि चालत जा, आणि उजेड असताना जा म्हणजे हिरा दाराबाहेर बघता येईल.