बॅकअपसाठी रोबोकॉपी: काम चोख, डिफॉल्ट वैतागवाणे

विंडोजसोबत फुकट येणारी, फाइल कॉपी करणारी रोबोकॉपी ही कमांड ड्राइव्हच्या बॅकअपला झकास, पण तिचे डिफॉल्ट (आधीच ठरवलेली सेटिंग्ज) डोकं फिरवतात. एका फाइलवर 'एरर 5, अ‍ॅक्सेस इज डिनाइड' आला की दर 30 सेकंदांनी, तब्बल 10 लाख वेळा तेच दार ठोठावत बसते! म्हणून आधी '/आर:1 /डब्ल्यू:1' द्या, म्हणजे एक सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न होतो. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडून '/बी' (बॅकअप मोड) लावलं की परवानग्या आड येत नाहीत. त्यासाठी फाइलची ओनरशिप (मालकी) बदलत बसू नका. सोबत जंक्शन वगळणारं '/एक्सजे' हवंच. यूजर प्रोफाइलमधलं 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' हे खरं फोल्डर नाही, नुसतं जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी वाट आहे. त्यात शिरलं की फोल्डरात फोल्डर अशी रांग लागते. एरर 32 मात्र वेगळा: फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली असते, तिथे '/बी'ची मात्रा चालत नाही. आउटलुक वगैरे बंद करून पुन्हा चालवा.