प्रोग्रेसिव्ह डाय करावी की सुट्या डायवरच भागवावं?

जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या अवधानला दोन-तीन पॉवर प्रेस टाकून ठिबकचे क्लॅम्प, स्टार्टर पेटीचे ब्रॅकेट असला माल काढणाऱ्याला कोणीतरी हमखास सुचवतं, "सुट्या डायवर किती दिवस काढणार भाऊ, प्रोग्रेसिव्ह करून टाका." सुटी डाय म्हणजे प्रत्येक कामाला वेगळा साचा, प्रोग्रेसिव्ह म्हणजे सगळी कामं एकाच साच्यात. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

दोन भोकं आणि एक बेंड असलेला साधा ब्रॅकेट घ्या. सुट्या डायवर आधी पट्टीतून तुकडा कापायचा, मग भोकं पाडायची, मग वाकवायचा. म्हणजे 10,000 नगांना 30,000 स्ट्रोक, आणि दर वेळी माल हातानं लावायचा, हातानं काढायचा. प्रोग्रेसिव्हमध्ये ही तिन्ही कामं एकाच डायच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर होतात. पट्टी दर स्ट्रोकला ठरलेलं अंतर पुढे सरकते, पायलट पिन ती जागेवर बसवतात आणि शेवटच्या टप्प्यावरून तयार नग पडतो. मिनिटाला 50 स्ट्रोक धरले तर तेच 10,000 नग 200 मिनिटांत निघतात, अर्थात मधे काही अडलं नाही तर.

वेगापेक्षा मला मोठा वाटणारा फायदा बोटांचा आहे. प्रेस शॉपमध्ये जुन्या ऑपरेटरचे हात बघितले की जास्त सांगावं लागत नाही. फीडर (पट्टी आपोआप पुढे सरकवणारं यंत्र) लावलेल्या प्रोग्रेसिव्हमध्ये डायच्या तोंडात हात घालायचं कारणच उरत नाही. पण म्हणून सुट्या डायवर गार्ड आणि दोन हातांचं बटण नको, असा हिशेब कोणी करू नये. ते आजच बसवा, डाय कोणतीही असो.

आता अडचणी. पहिली प्रेसची. प्रोग्रेसिव्हमध्ये सगळे पंच (डायचे वरून उतरून कापणारे भाग) एका दमात उतरतात, त्यामुळे सगळ्यांचं टनेज, म्हणजे लागणारा जोर, एकत्र मोजावा लागतो. 12 एमएम बोल्टचा वायसर बघा: आतलं भोक 13, बाहेरचा व्यास 24, जाडी 2.5. दोन्ही कापांची लांबी साधारण 116 एमएम. साध्या पत्र्याला चौरस एमएममागे 400 न्यूटन धरले, तर जवळपास 12 टन लागतात. एवढ्याशा वायसरला 12 टन! वर राखीव धरली की 20 टनी प्रेस हवी. टप्पे वाढले की बेडही लांब लागतो. सी-फ्रेम (समोरून उघड्या, इंग्रजी सी-आकाराच्या) प्रेसचं तोंड भार आला की किंचित उघडतंच, त्यात भार मधोमध नसेल तर पंच एका बाजूनं झिजतात. पंचांची उंची पत्र्याच्या जाडीइतकी मागेपुढे ठेवली तर हा झटका विभागला जातो. टूलमेकरला हे आधीच सांगा.

दुसरी अडचण सहसा डाय आल्यावर कळते. पट्टी कमी सरकली किंवा कापलेला तुकडा पंचाला चिकटून वर आला, तर पुढच्याच स्ट्रोकला पायलट किंवा पंच मोडतो. यावर सेन्सर मिळतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्रेस पिन क्लचच्या आहेत. त्या एकदा सुटल्या की फेरा पूर्ण करूनच थांबतात, मग सेन्सरनं ओरडून उपयोग काय? एअर क्लच (हवेच्या दाबावर चालणारा, प्रेस मधेच थांबवता येणारा) नसेल तर त्याचा खर्च डायच्या किमतीत आत्ताच मिळवा. फीडर, डिकॉइलर (पत्र्याची गुंडाळी उलगडणारं यंत्र) आणि पट्टी सरळ करणारे रोलर वेगळे. शिवाय कॉइल हव्या त्या रुंदीत चिरून घ्यावी लागते, तर सुट्या डायला बाजारातला पत्रा शिअरवर कापला तरी चालतो.

तिसरी दुरुस्तीची. सुटी डाय बिघडली तर एक काम अडतं, प्रोग्रेसिव्हचा एक पंच गेला तर अख्खा माल थांबतो. वायर कटसाठी, म्हणजे वीजभारित तारेनं पोलाद कापून घ्यायला, डाय नाशिकला पाठवायची वेळ आली, तर जाण्यायेण्यातला वेळ धरून गिऱ्हाइकाला तारीख द्या.

आणि प्रत्येक काम प्रोग्रेसिव्हमध्ये बसतही नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात, त्यांच्या पितळी केसचंच उदाहरण घ्या. वाटीसारख्या तुकड्यापासून ती टप्प्याटप्प्यानं ओढून लांब करतात, पण ओढलेलं पितळ कडक होत जातं. ते भट्टीत मऊ केल्याशिवाय पुढचा टप्पा घेतला तर चिरतं. भट्टी काही डायमध्ये बसवता येत नाही. तुमचा नगही असा खोल ओढायचा असेल तर प्रोग्रेसिव्हचा नाद सोडा.

वायसरलाही माझं मत कंपाउंड डायचं. भोक आणि बाहेरचा काप एकाच टप्प्यावर होत असल्यानं भोक मधोमध येतं आणि नग सपाट राहतो.

गिऱ्हाईक वर्षातून दोनदा ड्रॉइंग बदलत असेल, तर सुट्या डाय मुकाट्यानं चालू ठेवा. भोक चार एमएम सरकवायला एकच डाय बदलावी लागते. तोच नग महिनोन्महिने जात असेल आणि त्यात दोन-तीनच कामं असतील, तर हातानं पट्टी सरकवायची, स्टॉपर लावलेली दोन टप्प्यांची डाय आधी करून बघा. फीडरचा खर्च वाचतो, जुनी प्रेस चालते, फक्त वेग ऑपरेटरच्या हाताएवढा राहतो.

पूर्ण प्रोग्रेसिव्हच ठरली, तर ऑर्डरमध्ये एवढं लिहून घ्या: कापणारे भाग डी-2 या कडक टूल स्टीलचे, लहान पंच आणि पायलटचे दोन-दोन स्पेअर, डायचं पूर्ण ड्रॉइंग आपल्या ताब्यात, आणि ट्रायल आपल्याच प्रेसवर, आपल्याच कॉइलवर. टूलरूमच्या भारी प्रेसवर काढलेले पाच नमुने बघून पूर्ण पैसे देऊ नका.