‘मेडिक्लेम’ म्हणून बाबांच्या गळ्यात मारलेली हॉस्पिटल कॅश पॉलिसी

माझे बाबा निवृत्त शिक्षक. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला बँकेत गेले, तेव्हा तिथल्या माणसानं समोर बसवून घेतलं. “काका, या वयात मेडिक्लेम हवाच. दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल.” हप्ता खात्यातूनच वळता झाला, ओटीपी त्यानंच विचारून घेतला. कंपनीचा फोन आला की सगळ्याला ‘हो’ म्हणा, हेही सांगून ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरल्या, अॅडमिट करावं लागलं. कॅशलेसच्या खिडकीवर कार्ड दिलं तर तिथल्या मुलीनं ते परत केलं. “हा मेडिक्लेम नाही, डेली कॅश आहे. बिल तुम्हालाच भरावं लागेल.” अनामत भरायला आईनं रात्री भावाला फोन लावला.

हॉस्पिटल कॅश हा प्रकार मुळात वाईट नाही. बिल कितीही होवो, दिवसाला ठरलेली रक्कम मिळते. आयसीयूत बहुधा दुप्पट. मेडिक्लेम असला तरी वर हे पैसे मिळतात. रोजंदारी बुडणाऱ्याला, सोबतच्या माणसाच्या जेवणाखाण्याला त्याचा खरा आधार होतो. पण तो मेडिक्लेमच्या जागी चालत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

बाबांच्या पॉलिसीत दिवसाला 2000 रुपये होते. दिवस म्हणजे पूर्ण 24 तास, आणि पहिले 24 तास वजा. म्हणजे सोमवारी रात्री दाखल होऊन शुक्रवारी सकाळी घरी आलेल्याचे पूर्ण दिवस भरतात तीन, पैसे मिळतात दोनाचे: 4000. मोतीबिंदूसारख्या त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रियेला तर काहीच नाही.

तेवढेही आले नाहीत. मधुमेह लपवला म्हणून दावा फेटाळला. आम्ही प्रस्ताव अर्जाची प्रत मागवली. सगळा मजकूर इंग्रजीत टाइप केलेला, मधुमेहापुढे ‘नो’, आणि खाली बाबांची वळणदार मराठी सही. बाबा गोळ्यांची डबी खिशात घेऊन हिंडतात, कुणी विचारलं असतं तर लपवायचं काय होतं? इंग्रजी अर्जावर अशी मराठी सही असली की मजकूर समजावून सांगणाऱ्याचं वेगळं निवेदन लागतं. ती जागा कोरी होती. आमच्या तक्रारीचा सगळा भर त्या कोऱ्या जागेवर आहे.

तुमच्या घरी वडीलधाऱ्यांच्या नावानं अशी पॉलिसी असेल तर आजच काढून बघा. ‘डेली कॅश’, ‘प्रतिदिन लाभ’ असे शब्द दिसले तर ती बिल भरणारी नव्हे. सोबतचं ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागता येतं, मागाच. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. बाबांची ती मुदत कधीच उलटून गेली होती.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, पोच घ्या. विमा नियामकाच्या (IRDAI) ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा त्यांच्याच 155255 या फोन नंबरवरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा; मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आमचा अर्ज तिथे दाखल आहे, सोबत बाबांची मधुमेहाची जुनी फाइलही जोडली आहे.