सहा घरांचा साचा की चार घरांचा? शिशाची वजने घरी ओतण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आमचे घर आहे. गरी टाकणे आणि फेकायचे जाळे, ज्याला आमच्याकडे पागेर म्हणतात, ते चालवणे ही दोन्ही कामे आमच्या घरात आजोबांच्या आधीपासून चालत आली आहेत. या दोन्हींना लागणारी शिशाची वजने गेल्या ऑक्टोबरपासून मी घरीच ओततो. त्यासाठी ॲल्युमिनियमचे दोन साचे एकदमच मागवले होते. एक दहा ग्रॅमच्या भोकाच्या मण्यांचा, जाळ्याच्या घेराला ओवण्यासाठी, आणि दुसरा साठ ग्रॅमच्या वजनांचा, गरीसाठी. दोन्ही सहा-सहा घरांचे, म्हणजे एका ओतीत सहा वजने निघतील अशा सहा पोकळ्यांचे. मण्यांचा साचा मी आजही वापरतो आणि तो कोणालाही घ्यायला सांगेन. साठ ग्रॅमचा साचा मात्र चार महिन्यांत बाजूला ठेवला आणि त्याच वजनाचा चार घरांचा घेतला. घरांची संख्या सारखीच असताना एक साचा जमला आणि दुसरा का जमला नाही, हे समजायला मला बराच वेळ आणि बरेच शिसे लागले. नवीन साचा घेणाऱ्याने हीच गोष्ट आधी समजून घ्यावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एकापेक्षा जास्त घरांच्या साच्याची गरज मुळात का पडते, ते साध्या हिशेबाने कळते. आमच्या आठ फूट त्रिज्येच्या जाळ्याला सुमारे साडेचार किलो शिसे लागते, म्हणजे दहा ग्रॅमचे ४५० मणी. वडिलांच्या वेळचा लोखंडी साचा एका घराचा होता आणि त्यात एका जाळ्याचे मणी ओतायला तीन-चार दिवस सहज जात. सहा घरांच्या साच्यात तेच काम ७५ ओतींत होते. पहिले जाळे मी एका सकाळी आणि एका दुपारी पूर्ण केले, तेव्हा वडिलांनी एकेक मणी बोटांत फिरवून पाहिला आणि मगच ओवायला घेतला.

बहुघरी साच्यांविषयी सर्वांत बारकाईने लिहून ठेवले आहे ते पिस्तुलाच्या गोळ्या ओतणाऱ्या अमेरिकेतील हौशी लोकांनी. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तसला साचा आपल्या कामाचा नाही आणि तो कोणी घेऊही नये. परंतु साचा तापतो कसा, थंड कसा होतो आणि शिसे त्यात कसे धरते, म्हणजे गोठते, याबाबतचे त्यांचे अनुभव जाळ्याच्या मण्यांनाही जसेच्या तसे लागू पडतात. मला साच्याच्या निवडीचे सूत्र सापडले ते त्यांच्याच एका निरीक्षणातून: मोठ्या ठोकळ्यात (म्हणजे ज्यात घरे कोरलेली असतात त्या साच्याच्या धातूच्या अंगात) लहान घरे असली की साचा थंड पडतो, आणि लहान ठोकळ्यात मोठी घरे असली की तो अति तापतो.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि मी ते साधारण ३७० ते ३९० अंशांवर ओततो. साचा पुरेसा तापलेला नसेल तर शिसे घराच्या कोपऱ्यांत पोचण्याआधीच धरते, आणि वजनावर सुरकुत्या उमटतात किंवा त्याची टोके गोलसर राहतात. साचा फार तापला तर वजनाचा रंग दुधाळ, रवाळ होतो आणि वर साठलेले जादा शिसे घट्ट व्हायला इतका वेळ लागतो की हातातला साचा धरून नुसते थांबावे लागते. या दोन टोकांच्या मधली जागा टिकवणे म्हणजेच ओतकाम, आणि ती जागा कुठे पडेल हे घरांच्या संख्येपेक्षा एका ओतीत किती शिसे जाते आणि ते झेलणारा ठोकळा किती वजनाचा आहे, यावर ठरते.

माझ्या मण्यांच्या साच्याचा ठोकळा सुमारे ६०० ग्रॅमचा आहे आणि एका ओतीत घरांमध्ये ६० ग्रॅम शिसे जाते, म्हणजे ठोकळ्याच्या एक दशांश. प्रत्येक ओतीतून मिळणारी उष्णता थोडी, म्हणून हा साचा थंडपणाकडे झुकतो. सुरुवातीच्या आठवड्यात माझे पहिले पंधरा-वीस डाव सुरकुतलेले निघत आणि ते सगळे पुन्हा भांड्यात जात. उपाय सोपा निघाला. विजेच्या शेगडीवर साचा आधी पंधरा मिनिटे तापवायचा आणि त्यानंतर न थांबता, एका लयीत ओतत राहायचे. मणी उचलून निरखण्याचा मोह टाळला की साचा आपली उष्णता आपणच राखतो. हे काम एकट्याला झेपते आणि त्यात हात एकदा बसला की मिनिटाला दोन ओती होतात. मण्यात भोक पाडणाऱ्या सहा सळया एका पट्टीवर बसवलेल्या असतात. साचा उघडण्याआधी ती पट्टी सरळ ओढावी लागते. ती तिरकी ओढली की सळई वाकते आणि पुढचा मणी एका बाजूला पातळ येतो. मी दर तीस-चाळीस ओतींनंतर सळयांवर मेणबत्तीची काजळी धरतो, त्यामुळे त्या अडकत नाहीत.

साठ ग्रॅमच्या सहा घरांच्या साच्यात परिस्थिती बरोबर उलटी होती. एका ओतीत ३६० ग्रॅम शिसे आणि ठोकळा अवघा ९०० ग्रॅमचा, म्हणजे चार दशांश. किमतीत बसवण्यासाठी बनवणाऱ्याने दोन घरांमधली भिंत पातळ ठेवली होती, त्यामुळे मधली दोन घरे पहिल्या काही ओतींतच इतकी तापत की त्यांतील वजने दुधाळ येत, तर त्याच वेळी टोकाच्या घरांतील वजने नीट, चकचकीत असत. ओल्या फडक्यावर साचा टेकवून थंड करण्याचा सल्ला काही जण देतात. वितळलेल्या शिशाजवळ पाणी आणणे मला कधीच मान्य झाले नाही, म्हणून मी दर ओतीनंतर थांबत असे आणि तेवढ्यात वरची सरकपट्टी, म्हणजे जादा शिसे कापणारी साच्याच्या माथ्यावरची फिरती पट्टी, थंड पडे.

खरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती भांड्याच्या हिशेबातून. माझे विजेचे भांडे खालून शिसे सोडणारे, चार किलोचे आहे. तळाचे किलोभर शिसे ठेवावेच लागते, नाहीतर मळी, म्हणजे शिशावर तरंगणारा कचरा, खाली उतरून तोटीत अडकते, म्हणजे वापरायला तीन किलो. साठ ग्रॅमचे वजन आणि वर साठणारे जादा शिसे मिळून एका घराला साधारण ७० ग्रॅम लागतात. तीन किलोंत त्यामुळे बेचाळीस वजने होतात, साचा सहा घरांचा असो की चार घरांचा. सहा घरांच्या साच्यात ती सात ओतींत निघतात, चार घरांच्या साच्यात दहा-अकरा. त्यानंतर दोन्ही वेळा भांड्यात नवे शिसे टाकून ते वितळेपर्यंत वीस मिनिटे थांबावे लागे. मी वाचवत होतो ती तीन-चार मिनिटे, आणि त्यासाठी प्रत्येक भांड्यामागे दहा-बारा वजने बाद करत होतो. फेब्रुवारीत चार घरांचा साचा घेतला. त्याचा ठोकळा ११०० ग्रॅमचा आहे आणि एका ओतीत त्यात २४० ग्रॅम शिसे जाते. तेव्हापासून बाद वजने भांड्यामागे एक किंवा दोन, तीही पहिल्या ओतीतली.

साचा लोखंडाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सारख्या आकाराचा लोखंडी साचा ॲल्युमिनियमच्या साच्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो, आणि आमच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने त्यावर गंज चढू न देणे हीच एक वेगळी चाकरी होऊन बसते. वडिलांच्या साच्याच्या घरांत गंजाचे जे बारीक खड्डे पडले, ते प्रत्येक वजनावर उमटतात. ॲल्युमिनियमला मात्र जपावे लागते. तो धातू मऊ असल्यामुळे सरकपट्टी कोरडी फिरली तर साच्याच्या माथ्यावर ओरखडे पडतात आणि मग पट्टीखालून शिसे पसरते. कापसाच्या काडीच्या टोकावर टू-स्ट्रोक तेलाचा एक थेंब घेऊन, साचा तापलेला असताना तो पट्टीच्या खिळीला आणि खालच्या बाजूला पुसून घ्यायचा. होडीच्या यंत्रासाठी हे तेल आमच्या घरात असतेच. थेंब जास्त झाला आणि घरात उतरला तर पुढच्या कित्येक ओती सुरकुतलेल्या निघतात. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे साच्याचे पोलादी स्क्रू तासाभरात सैल होतात आणि दोन-तीनदा आवळावे लागतात. साचा उघडत नसेल तर लाकडी ठोकणीने मुठींच्या जोडावर मारावे, ठोकळ्यावर कधीही मारू नये.

घेताना कोणती गोष्ट तपासावी, ते मला पहिल्याच खरेदीत कळले. ऑनलाइन मागवलेल्या मण्यांच्या पहिल्या साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसत नव्हते. साचा बंद करून उजेडासमोर धरला, तर मध्ये केसाएवढी फट दिसत असे, आणि प्रत्येक मण्याच्या कडेला शिशाचा पातळ पदर येत असे. सोनाराच्या काट्यावर वजन केले तेव्हा पहिल्या घराचा मणी ९.१ ग्रॅम आणि सहाव्याचा ११.४ ग्रॅम निघाला. विक्रेत्याने एवढा फरक चालतो असे कळवले आणि बदलून द्यायला दोन महिने लावले. एवढा फरक चालत नाही. आमच्या शेजारचे काका, ज्यांचे अर्धे आयुष्य नदीत जाळे फेकण्यात गेले, त्यांनी ते मणी तळहातावर घेतले आणि एवढेच म्हणाले, "वजन सारकें जाय, पुता." (वजन सारखे हवे, बाळा.) घेराच्या एका बाजूला जड मणी आले की जाळे हवेत गोल उघडत नाही, लांबट पडते, आणि शेवटे मासे तर हलक्या बाजूने खालून निसटतात.

शिसे कुठले वापरावे, हा प्रश्न साच्याइतकाच महत्त्वाचा आहे. फाटून टाकून दिलेल्या जाळ्यांची जुनी वजने आणि टायरच्या दुकानातील चाकांची वजने, एवढेच मी घेतो. चाकांच्या वजनांत आता जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून भांडे ४०० अंशांच्या खाली ठेवले की ती न वितळता वर तरंगतात आणि चमच्याने काढता येतात. एकदा जस्त शिशात मिसळले की ते पिठल्यासारखे घट्ट होते आणि बहुघरी साच्यात टोकाची घरे भरतच नाहीत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणे हे आम्ल आणि विषारी वायूंमुळे जीवावरचे काम आहे. ते कोणीही करू नये.

जून महिन्यात घडलेला प्रसंग सांगणे मला कर्तव्य वाटते. मागच्या पडवीत काम चालू होते, बाहेर पाऊस लागला होता. जाळ्यातून काढलेली जुनी वजने मी वरवर पुसून वितळलेल्या शिशात टाकली. त्यातील एकाच्या भोकात ओल राहिली होती. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १७०० पट जागा घेते. क्षणात मोठा आवाज झाला आणि मूठभर शिसे उसळून चिऱ्याच्या भिंतीवर आणि माझ्या हातमोज्यावर उडाले. चष्मा, चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असल्यामुळे मनगटावर एक डाग पडण्यावर निभावले. त्या दिवसापासून जुने शिसे फक्त थंड भांड्यात घालतो आणि तापमानाबरोबर ते वितळू देतो, आणि जून ते सप्टेंबर ओतकाम पूर्ण बंद ठेवतो.

मुलांना त्या पडवीत मी येऊ देत नाही. वरची मळी काढताना उडणारी बारीक धूळ वाफेपेक्षा जास्त घातक असते. म्हणून मळी झाकणाच्या डब्यात ठेवतो, काम संपताच कपडे वेगळे धुतो आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. शिशाच्या संपर्काची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमध्ये हंस शिशाची बारीक वजने गिळून मरत असल्याने १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे. हे वाचल्यानंतर गरीसाठी लहान वजने ओतणे मी सोडले. तेथे लोखंडी नट वापरतो. साठ ग्रॅमची वजने केवळ भरतीच्या ओढीत, चोणक आणि तांबोशी या माशांसाठी लागतात. जाळ्याचे मणी घट्ट ओवलेले असल्याने ते नदीत सहसा पडत नाहीत.

सध्या दोन्ही साचे तेलाच्या फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले आहेत. ऑक्टोबरमध्ये तेल थिनरने पूर्ण पुसूनच ते तापवीन. साठ ग्रॅमचा सहा घरांचा साचा केरीच्या माझ्या मावसभावाला दिला. त्याचे भांडे नऊ किलोचे आहे आणि ते दोघे भाऊ मिळून ओततात: एक जण शिसे सोडतो, दुसरा साचा उघडतो, आणि मधली दोन घरे ते प्रत्येक दुसऱ्या ओतीत रिकामी ठेवतात. त्यांच्याकडे तो साचा नीट चालतो.