जुन्या माणसांच्या आठवणी: व्हिडिओ घ्यावा की नुसता आवाज?

आपल्या भागातल्या आठवणी, दंतकथा गोळा करायला निघालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो. मोबाइलवर दोन्ही होतं, मग व्हिडिओच का नको? मीही तसंच म्हणून सुरुवात केली होती. माझ्या पहिल्या काही मुलाखती व्हिडिओवर आहेत. पुढच्या जवळजवळ सगळ्या नुसत्या आवाजाच्या.

व्हिडिओची बाजू लंगडी नाही, म्हणून ती आधी सांगतो. विणकाम, जुन्या अवजाराची जोडणी, नाचातलं एखादं पाऊल हे ऐकून कळत नाही, बघावंच लागतं. शिवाय बोलता बोलता माणूस "एवढी मोठी पेटी होती" म्हणत हात पसरतो, "तिकडून यायचे" म्हणत बोट दाखवतो, आणि आवाजात नुसतं "एवढी" आणि "तिकडून" उरतं. त्यावर मी एक सवय लावून घेतली आहे. लगेच मोठ्याने विचारायचं, "म्हणजे दोन हात लांब?" समोरून "हो, थोडी जास्तच" असं उत्तर येतं आणि माप नोंदलं जातं. लोकांपर्यंत पोचवताना चेहरा दिसणारी गोष्ट जास्त उघडली जाते, हेही मान्य.

जागेचा मुद्दा मला तितका मोठा वाटत नाही. चांगल्या दर्जाच्या रेकॉर्डिंगला (४८ किलोहर्ट्झ, २४ बिट) एका माइकचा तासाभराचा आवाज साधारण अर्ध्या जीबीत बसतो. व्हिडिओला त्याच्या कित्येक पट लागते. पण तेवढ्यावरून ठरवू नये.

माझं ठरलं ते एका सव्वा मिनिटामुळे. एका आजींनी दोन भावांच्या वाटणीची हकिगत सांगितली, अगदी नावानिशी. प्रसिद्ध करायला त्यांची संमती होती. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "तेवढं काढून टाका. दोन्ही घरं अजून शेजारी शेजारी नांदतायत." त्यांचं बरोबरच होतं. पण व्हिडिओला कात्री लावली की आजींची मान एकदम डावीकडून उजवीकडे जायची, हातातला चष्मा क्षणात डोळ्यांवर यायचा. इथे काहीतरी गाळलंय हे कुणालाही दिसावं, आणि मागेपुढे विषय वाटणीचाच. आसपासच्या माणसांना काय गाळलं असेल तेही उमगावं. त्या जागी जुना फोटो टाकून पाहिला, तर लपवाछपवी आणखीच डोळ्यांत भरली. शेवटी ती मुलाखत मी कुणालाच दाखवली नाही. त्यांच्या उरलेल्या तासाभराच्या आठवणीही तशाच पडून राहिल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

आवाजात हीच गोष्ट सहज होते. सुरुवातीला कुणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीतली शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. कापलेल्या जागी तिचा एक-दोन सेकंदांचा तुकडा भरला की सांगणाऱ्याने श्वास घेतल्यासारखं वाटतं. सोबत "काही भाग सांगणाऱ्यांच्या विनंतीवरून वगळला आहे" अशी नोंद मी न चुकता देतो. काही वगळलं आहे हे ऐकणाऱ्याला कळायलाच हवं. कुठे, ते कळायची गरज नाही. बोलणाऱ्यालाही याचा आधार वाटतो. नको असेल ते नंतर निघू शकतं हे सांगितलं की माणसं मोकळी होतात, असा निदान माझा तरी अनुभव आहे. सगळ्यांचा असेलच असं नाही.

मात्र मजकूर उतरवून काढला की आवाजाचं काम संपलं, असं समजू नका. अमेरिकन इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी नोंदवण्याचं काम सुरू केलं. तिथे सुरुवातीच्या काळात टंकलिखित प्रत हाच खरा दस्तऐवज मानला जाई, आणि फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. त्या माणसांचं अडखळणं, हसणं, एखाद्या नावापाशी आवाज खाली येणं, सगळं त्याबरोबर गेलं.

तुमचा विषय हातांच्या कामाचा असेल तर कॅमेरा न्याच, पण तेवढ्या कामापुरता. गप्पा मात्र आवाजावर घ्या, आणि मूळ फाइलला कधीही कात्री लावू नका. कापाकापी प्रतीवर करा. आजींकडे मी पुन्हा गेलो, या वेळी नुसता रेकॉर्डर घेऊन. वाटणीची गोष्ट त्यांनी परत सांगितली, मीच नको म्हणत असताना. ती मूळ फाइल माझ्याकडे वेगळी ठेवली आहे. दोन्ही घरांतली आत्ताची पिढी आहे तोवर ती उघडायची नाही, असं त्यांनी त्याच रेकॉर्डिंगमध्ये स्वतःच्या आवाजात सांगितलंय.